एप्रिलमधल्या हारीचं काय घेऊन बसलात! (वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं)

मागच्या अंकात सहज बेसबॉलवर चार ओळी लिहिल्या तर एवढे प्रश्न आले की क्रिकेटवाले रुसून बसले. आपल्याकडं पोरं-पोरी शाळेत सॉफ्टबॉल खेळतात, अन निम्म्या गावाचं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे, तर हे व्हायचंच होतं. बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात. न्यूयॉर्कचे यँकीज अन बॉस्टनचे रेड सॉक्स, शंभर वर्षाचे वैरी, सीझनच्या तोंडालाच, म्हणजे एप्रिलमधी, हारायला लागले की घाबरायचं का नाही. सगळे प्रश्न छापायला जागा नाही, निवडून घेतलेत.

प्रश्न (अंबाजोगाई, निवृत्त शिक्षिका): सर, माझा थोरला बॉस्टनला अन धाकटा न्यू जर्सीत. तिकडं गेल्यापासून थोरला रेड सॉक्सचा झाला अन धाकटा यँकीजचा. एप्रिल लागला, टीम चार मॅच हारली की फॅमिली ग्रुपवर सुरू, तुझी टीम संपली, नाही तुझीच संपली. एका वर्षी दोन्ही टीमा एकदमच हारायल्या होत्या तर दोघं चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मला एवढंच सांगा, एप्रिलमधी हारलं तर खरंच काही बिघडतं का?

ताई, तुम्ही म्हणताय ते वर्ष बहुतेक २०२१ चं असणार, कारण त्या वर्षी दोघांचीही सुरुवात बघवत नव्हती. रेड सॉक्सनी स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या लोकांसमोर, पहिल्या तीनच्या तीन मॅच घालवल्या, अन त्या पण बाल्टिमोर ओरिओल्सकडून, जी टीम त्या वर्षी शेवटी ११० मॅच हारली. म्हणजे सगळ्या वर्गाकडून ज्यानं मार खाल्ला त्यानं पहिल्याच दिवशी मॉनिटरला धुतला असं झालं. मग बॉस्टनवाले उठले अन सलग नऊ जिंकले. तिकडं यँकीज १५ मॅचमधी ५ जिंकून १० हारले, १९९७ नंतरची त्यांची सगळ्यात वाईट सुरुवात. लोक इतके चिडले की एका मॅचला प्रेक्षकांनी मैदानात बॉल फेकले.

आता वर्षाच्या शेवटी काय झालं ते दोघांनाही ग्रुपवर टाका. यँकीज ९२ जिंकले ७० हारले. रेड सॉक्स ९२ जिंकले ७० हारले. अगदी सारखं! टोरोंटोची टीम ९१ वर राहिली अन एका मॅचनं घरी गेली, शेवटच्या दिवशी जिंकून सुद्धा. मग हे दोघं वैरी एकाच मॅचसाठी समोरासमोर आले, हारला तो बाहेर, अन ती मॅच बॉस्टनला झाली कारण वर्षभरातल्या आपसातल्या १९ मॅचपैकी १० रेड सॉक्सनी जिंकल्या होत्या. ५ ऑक्टोबरला रेड सॉक्सनी ६-२ नं काम उरकलं.

म्हणून माझं उत्तर दोन तोंडांचं आहे. एप्रिलमधी हारलं म्हून टीम संपत नाही, हे धाकट्याला सांगा. पण एप्रिलची हार फुकट बी नसते, तिची उधारी वहीत राहते अन ऑक्टोबरला वही उघडतात. टोरोंटोवाल्यांना विचारा, त्यांनी एप्रिलात या दोघांना सोडून दुसऱ्या कुणाकडून हारलेली एक मॅच उचला अन ती जिंकली असती असं धरा, तिघांचे ९२ झाले असते. ती एप्रिलमधली मॅच हारली त्या दिवशी टोरोंटोत कुणी रडलं नसणार.

अन चार दिवस बोलले नाहीत हे मात्र जास्तच झालं, पोरांना माझ्याकडून रागवा.

प्रश्न (जिंतूर तालुका, शेतकरी): सोयाबीन पेरलं की आठ-दहा दिवसात कळतंय उगवण झाली का नाही. बेसबॉलमधी कवा कळतंय की आता काही खरं नाही?

दादा, लै नेमकं विचारलंत. मी याच्यावर दोन दिवस विचार केला.

तुम्हाला माहीतच आहे, उगवण विरळ झाली म्हणजे लगेच दुबार पेरणी करत नाहीत. आधी वाकून बघायचं, बी कुजलंय का, का बोगस होतं, का निस्तं कुठं कुठं मोकळं राहिलंय. मोकळं राहिलं असेल तर नांग्या भरायच्या अन पुढं चालायचं. बी च बोगस असेल तर मग आकाशाकडं बघत बसायचं. (मागं एका दुकानातून आणलेल्या बॅगेनं आमचा पण खरीप घालवला होता, पण ते जाऊ द्या.)

टीमचं पण हेच. २०१९ ला वॉशिंग्टनची टीम, नॅशनल्स, ५० मॅचनंतर १९ जिंकून ३१ हारलेली होती. म्हणजे मे महिना सरत आला होता, एप्रिलवर ढकलायची पण सोय नव्हती. पेपरवाले म्हणायले मॅनेजरला (म्हणजे तिकडच्या कोचला) काढा, चांगले खेळाडू विकून टाका. पण वाकून बघितलं असतं तर काय दिसलं असतं? सुरुवातीला येऊन सहा-सात इनिंग (एका मॅचमधी दोन्ही टीमला नऊ-नऊ असतात) टाकणारे त्यांचे पिचर (आपल्याकडचे बॉलर), शर्झर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन, हे एक नंबर होते. ट्रे टर्नर नावाचा त्यांचा पळणारा पोरगा, त्याचं बोट एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात मोडलं होतं, ते जुडलं की तो परत येणार होता. खरी बोंब होती ती नंतर येणाऱ्या पिचरांची, ज्याला बुलपेन म्हणतात. पहिल्यानं कमवायचं अन बुलपेननं आठव्या इनिंगला उधळायचं असा कारभार. म्हणजे बी चांगलं होतं, नांग्या पडल्या होत्या. जुलैच्या शेवटच्या दिवशी त्यांनी टोरोंटोकडून डॅनियल हडसन नावाचा पिचर आणला, मोठं नाव नव्हतं, नांग्या भरायलाच आणलेला. टीम शेवटी ९३ मॅच जिंकली, ह्यूस्टनला सात मॅचमधी हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची फायनल, जिंकली, अन त्या सिरीजचा शेवटचा बॉल कुणी टाकला? हडसननंच.

आता बोगस बियाणं बघा. १९८८ चे ओरिओल्स. पहिल्या २१ च्या २१ मॅच हारले. एकवीस! सहा हारल्यावरच मॅनेजरला काढला, त्या मॅनेजरची दोन पोरं त्याच टीममधी खेळायली होती, बापाला घरी पाठवलं अन पोरांना म्हणले तुम्ही खेळा. नवीन मॅनेजर आला फ्रँक रॉबिन्सन, मोठा माणूस, तो पण आल्यावर १५ हारला. २९ एप्रिलला शिकागोत ९-० नं पहिली मॅच जिंकले. वर्षाच्या शेवटी ५४ जिंकून १०७ हारले.

तर कवा कळतं? मी तरी मे संपेपर्यंत थांबतो अन तोवर जिंकल्या-हारल्याचा आकडा बघतच नाही. दोन गोष्टी बघतो. एक, कुणाचं काय दुखतंय. पिचरच्या कोपराचं ऑपरेशन निघालं तर तो वर्षभर गेला समजा, तिथं नांग्या भरून भागत नाही. दुसरी, पिचर फुकटचे वॉक किती देतोय. बॅटरनं मारलेला बॉल कुठं जाईल ते नशिबावर बी असतं, कधी फिल्डरच्या हातात जातो कधी दोघांच्या मधून जातो, पण चार बॉल बाहेर टाकून समोरच्याला फुकट पहिल्या बेसवर पाठवायचं हे नशीब नसतं, ते बी च खराब असल्याचं लक्षण.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): सर, आयपीएलमध्ये पहिल्या पाच मॅच हारल्या की आमचा ग्रुप सुतकात असतो. बेसबॉलवाले १० हारून पण निवांत कसे?

भावा, कॅल्क्युलेटर काढ. आयपीएलच्या लीगमधी एका टीमला १४ मॅच, मेजर लीग बेसबॉलमधी १६२. भागाकार कर, साडेअकरा येतात. म्हणजे तुमची एक मॅच म्हणजे त्यांच्या जवळजवळ साडेअकरा. २०१५ ला मुंबई इंडियन्स पहिल्या चार हारले, ते बेसबॉलच्या हिशोबानं ४६ मॅच लागोपाठ हारल्यासारखं, असं तिकडं कुणी जन्मात बघितलं नाही. अन तरी मुंबईनं त्या वर्षी कप नेला! २०२४ ला बंगळुरू आठपैकी सात हारले अन मग सलग सहा जिंकून प्लेऑफला गेले. तर सुतक तुमच्याकडं पण जरा लवकरच धरतात.

दुसरं एक कारण आहे अन ते मला जास्त पटतं. बेसबॉलमधी चांगली टीम अन वाईट टीम यांच्यात अंतर लै कमी असतं. तिकडं एक बोलायची पद्धत आहे की प्रत्येक टीम ५४ जिंकणारच अन ५४ हारणारच, खेळ सगळा उरलेल्या ५४ चा. वर सांगितलेले ओरिओल्स बघ, २१ सलग हारून पण बरोबर ५४ जिंकले. उलटीकडून १९९८ चे यँकीज, पहिल्या पाचमधल्या चार हारले, न्यूयॉर्कच्या पेपरात बोंबाबोंब, अन वर्षात ११४ जिंकून वर्ल्ड सिरीज पण घेऊन गेले. आता ११४ म्हणजे डोक्यावरून पाणी, इतकी भारी टीम, ती पण ४८ हारलीच ना. रोज खेळायचं म्हणल्यावर रोज कोण जिंकतंय.

प्रश्न (लातूर, आडत व्यापारी): एवढा पैसा टाकून हारतेत म्हणजे मॅनेजर बदलायला पाहिजे. आमच्याकडं मुनीम चुकला तर ठेवत नाही.

शेठ, पैशाचं आधी. यँकीजनी गेरिट कोल नावाचा पिचर ९ वर्षासाठी ३२४ मिलियन डॉलरला घेतला. पण सुरुवात करणारा पिचर पाच दिवसातून एकदा टाकतो, हात तेवढाच चालतो. वर्षात तीस-बत्तीस मॅच. म्हणजे तुमच्या आडतीला सोन्यासारखा मापाडी आहे पण तो पाच दिवसातून एकदाच येतो, बाकी चार दिवस माल तर येणारच की. अन वर ताईंना सांगितली ती २०२१ ची ५ ऑक्टोबरची मॅच, तिथं याच कोलला दोन होम रन (आपल्या सिक्सरसारखे) बसले अन तिसऱ्या इनिंगला त्याला बाहेर काढावा लागला. तुरीचा भाव अन पिचरचा हात, आपण दोन्हीवर लै विश्वास ठेवत नाही.

मॅनेजर बदलण्याचं म्हणाल तर १९८८ चा किस्सा वर आहेच, बदलून १५ हारले. पण तुमच्या बाजूचा पण एक किस्सा आहे, तो नाही सांगितला तर बेइमानी होईल. १९७८ ला जुलैमधी यँकीज हे रेड सॉक्सच्या १४ मॅच मागं होते. मॅनेजर बिली मार्टिन, भांडकुदळ माणूस, मालकाशी वाजलं अन २४ जुलैला राजीनामा देऊन रडत रडत गेला. त्याच्या जागी बॉब लेमन आला, ज्याला शिकागोच्या टीमनं महिन्याभरापूर्वीच काढलेलं होतं! शांत माणूस, टीमला म्हणला तुमचं तुम्ही खेळा. यँकीजनी १४ च्या १४ मॅचचं अंतर खाल्लं, शेवटी दोघं बरोबरीत आले, एक जादा मॅच बॉस्टनला ठेवली, अन बकी डेंट, ज्याचे अख्ख्या वर्षात चार होम रन होते, त्यानं सातव्या इनिंगला डावीकडच्या ३७ फूट भिंतीवरून पाचवा मारला. यँकीज ५-४. बॉस्टनची म्हातारी माणसं आजही त्या माणसाच्या नावाआधी एक शिवी घालतात.

म्हणजे बदलायचं का नाही? मुनीम चोर असेल तर बदला. पण एप्रिलमधी माल ओला येतोय म्हून मुनीम बदलू नका.

प्रश्न (नांदेड, दहावीतली सॉफ्टबॉल खेळाडू): सर, मागच्या तीन स्पर्धांपासून माझी एक पण हिट नाही. मॅडम म्हणतात टायमिंग गेलंय. मोठ्या खेळाडूंचं पण असं होतं का?

बाळा, होतं, अन असं होतं की तुझं ऐकून ते हसतील.

डेरेक जीटर, यँकीजचा कॅप्टन, हॉल ऑफ फेममधला माणूस. २००४ च्या एप्रिलमधी सलग ३२ वेळा बॅट घेऊन गेला अन एक हिट नाही, म्हणजे बॉल मारून एकदा पण बेसवर पोचला नाही. बत्तीस! त्याच दिवसात बॉस्टनवाले न्यूयॉर्कला येऊन तिन्ही मॅच जिंकून गेले. लोक, स्वतःचे लोक, त्याला ओरडायले. मग २९ एप्रिलला बॅरी झिटोचा पहिलाच बॉल त्यानं थेट बाहेर मारला. वर्ष संपलं तेव्हा त्याची सरासरी .२९२ होती, म्हणजे दहातून जवळजवळ तीन हिट, अन २३ होम रन. रेड सॉक्सचा डेव्हिड ऑर्टिझ घे, २००९ ला त्याचा पहिला होम रन कधी आला, २० मेला! सगळे म्हणायले म्हातारा झाला, संपला. त्या वर्षी त्यानं २८ मारले.

आता त्यांच्या एप्रिलला एक बहाणा असतो जो तुला नांदेडात मिळणार नाही. बॉस्टनला तेव्हा रात्री चार-पाच डिग्री असतं. थंड हवा जड असते, तीत बॉल लांब जात नाही, अन बॅटच्या दांड्याजवळ किंवा टोकाला बॉल लागला तर हाताला अशा झिणझिण्या येतात की पुढच्या वेळी बॅट फिरवायलाच मन घेत नाही. आपल्याकडं उलटं, एप्रिलमधी बॅटचा दांडा चटका देतो.

तू एक कर. हिट मोजणं बंद कर, आठ दिवस निस्तं एवढंच वहीत लिही की किती बॉल तू नीट बघून सोडलेस अन किती बॅटच्या मधोमध बसले, मग तो फिल्डरच्या हातात गेला तरी चालेल. मी २६ वर्ष पोरींना सॉफ्टबॉल शिकवलं, ज्यांचा असा काळ आला त्या बहुतेक जणी बाहेरच्या बॉलवर बॅट टाकायला लागलेल्या असायच्या, हिट पाहिजे म्हून घाई. टायमिंग कुठं जात नसतं, घाई त्याच्या पुढं जाऊन उभी राहते. अन स्पर्धेच्या आदल्या दिवशी बॅट बदलू नकोस, मैत्रिणीची तर अजिबात घेऊ नकोस.

प्रश्न (बीड): इकडं एप्रिलमधी टँकरची वाट बघायची का तुमचे यँकीज? मराठवाड्याच्या मासिकात हे काय लावलंय?

दोन्ही, भाऊ, दोन्ही. तुम्हाला म्हणून सांगतो, मला बेसबॉलचा नादच पाण्यामुळं लागला. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसाला नळ येतो अन येतो तो पहाटे. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला मॅच सुरू झाली की आपल्याकडं पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. मोटार लावून, पाईप टाकीत सोडून, हौदाच्या कट्ट्यावर बसलं की करायचं काय? भाच्यानं फोनवर लावून दिलं अन झालं. टाकी भरायला तीन इनिंग लागतात. रविवारची त्यांची दुपारची मॅच आपल्याकडं रात्री अकराला येते, ज्यांच्याकडं रोज नळ येतो त्यांनी ती बघावी.

प्रश्न (जालना): २०११ ला रेड सॉक्स कसे बाहेर गेले ते थोडक्यात सांगा, मित्रासोबत पैज आहे.

पैज लावू नका. सांगतो. त्या वर्षी पहिल्या सहा मॅच हारले, १२ मधल्या १० हारले. मग असे खेळले की सगळे एप्रिल विसरले. सप्टेंबरमधी परत घसरले, २७ पैकी २० हारले. २८ सप्टेंबर, शेवटचा दिवस, बॉस्टन ३-२ पुढं, समोरच्या टीमचे दोन आऊट, एक आऊट पाहिजे, तो मिळाला नाही, ४-३ नं हारले. तिकडं त्याच एका जागेसाठी झगडणारी टँपाची टीम यँकीजच्या ०-७ मागं होती ती १२ व्या इनिंगला ८-७ नं जिंकली. बॉस्टन ९०, टँपा ९१. सगळे सप्टेंबरला शिव्या देतात, माझं म्हणणं पहिल्या सहापैकी एक जिंकायची होती. तुमच्या मित्राचं काय म्हणणं होतं ते कळवा.

प्रश्न (धाराशिव): सर, तुमची उत्तरं वाचून कळत नाही तुम्ही यँकीजचे का रेड सॉक्सचे. एकदा सांगून टाका.

आता वरची सगळी उत्तरं परत वाचा. २०२१ ला बॉस्टनला त्यांच्याच घरात तीन मॅच कुणी हाणल्या? २०११ ला शेवटच्या दिवशी बॉस्टनला ४-३ नं घरी कुणी पाठवलं? जालनावाल्यांना मी मुद्दाम "समोरची टीम" म्हणालो, नाव नाही घेतलं. ओरिओल्स! २०११ ला स्वतः ९३ हारले होते, पण जाता जाता दुसऱ्याचा मांडव मोडून गेले.

साडूचा पोरगा बाल्टिमोरला होता, त्यानं पक्ष्याचं चित्र असलेली टोपी आणली. मी विचारलं टीम कशी आहे, तर तो म्हणला काका, २१ हारून जेव्हा घरच्या मैदानावर परत आली ना, तेव्हा पन्नास हजारावर लोक बघायला आले होते. एक मॅच जिंकलेल्या टीमला! बस, तिथंच ठरलं माझं.

टोपीचा रंग उडालाय. नळाच्या दिवशी पहाटे घालतो, मच्छर पण चावत नाहीत डोक्याला.